पाचवीला पुजलेले

मूल जन्मले की पाचव्या दिवशी आपल्याकडे पाचवी पुजतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत. तिची गैरसोय होऊ नये म्हणून पूजेपाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. १९९२ साली माझ्या मुलाची पाचवी पुजली तेव्हा घरात ना दौत होती, ना टाक. सासूबाईंनी माझ्या पर्समधले बॉलपेन काढले आणि कागदावर ठेवले.

"सटवाईला बॉलपेन चालेल का हो?" मी अंथरुणातूनच विचारले.

"लिहिणारीला काय गं," सासूबाई म्हणाल्या, "हाताशी येईल त्याने लिहील."

ही पाचवी सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायची आहे ती दुसरी पाचवी. मूल दहा वर्षांचे झाले की ती येते, आणि तिला इयत्ता पाचवी म्हणतात. तिथेही एक कागद असतो, एक लेखणी असते आणि मुलाच्या कपाळी काहीतरी लिहिले जाते. फरक इतकाच, की लिहायला सटवाई येत नाही. बहुधा माझ्यासारखी एखादी मास्तरीण असते.

मी प्राथमिक शिक्षिका म्हणून १९८५ साली नोकरीला लागले आणि २०२२ साली निवृत्त झाले. लागले तेव्हा नवी मुंबई नवी होती. मुंबई मात्र अजून व्हायची होती. सिडकोची स्थापना १९७० सालची, खाडीवरचा पहिला पूल १९७३ सालचा. पण वाशीला लोकल गाडी यायला १९९२ साल उजाडावे लागले. माझी शाळा एका जुन्या गावठाणाच्या कडेला होती. कौलारू चार खोल्या, पुढे उंबराचे झाड, मागे भाताची खाचरे. शाळा तेव्हा जिल्हा परिषदेची. १ जानेवारी १९९२ रोजी महापालिकेचा कारभार सुरू झाला आणि पुढे आमची शाळाही पालिकेकडे आली. कौले गेली, मजले चढले. खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. उंबर तेवढा राहिला, कारण तो तोडायला कोणी धजावेना.

आमच्याकडे गावातली आगरी-कोळ्यांची मुले असत. दगडखाणीवर काम करायला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून आलेल्यांची असत. बाजारसमितीच्या गाळ्यांवर पोती उचलणाऱ्यांची असत. खाणीवरची मुले दिवाळीला गावी जात ती कधी नाताळानंतर उगवत, कधी उगवतच नसत. नाव मात्र पटावर राही. रोज सकाळी मी ते नाव घेई आणि वर्ग एका सुरात म्हणे, "गावाला गेला, बाई!" असे म्हणताना मुलांच्या आवाजात थोडा हेवा असे.

पट हा शब्द बाहेरच्या माणसाला रुक्ष वाटेल. आम्हां शिक्षकांचे पोट त्याच्यावर अवलंबून असते. पटावर मुले किती, त्यावर शाळेला शिक्षक किती हे ठरते. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हापासून तर हा हिशेब कायद्यातच आहे: पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीत पस्तिसांमागे एक. सप्टेंबरअखेरचा पट धरायचा आणि शिक्षक मोजायचे. पट घसरला की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. हा शब्द कागदावर निरुपद्रवी दिसतो. पण ज्याच्या नावापुढे लागतो, त्याला आपण लग्नघरी बोलावण्याशिवाय आलो आहोत असे वाटू लागते.

म्हणून एप्रिल सरला की आम्ही बायका डोक्यावर पदर घेऊन गल्ल्यांतून हिंडत असू. पहिलीला मूल मिळवणे फारसे कठीण नव्हते. फी नाही, पुस्तके फुकट, दुपारी खिचडी आणि शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. चौथीपर्यंत वर्ग भरलेले असत. गळती लागे ती पाचवीला.

याचे कारण वाचकांना सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांना वाटते की पालिकेची शाळा वाईट म्हणून मुले जातात. तेवढेच कारण नसते. आमची शाळा सातवीपर्यंत होती. आठवीला मुलाला दुसरीकडे जावेच लागे. हायस्कुले मात्र पाचवीपासून सुरू होत. तिथे पाचवीला जो आत गेला, तो दहावीपर्यंत निश्चिंत. आठवीला जो दार ठोठावी, त्याला "जागा नाही" हे उत्तर ठरलेले. तेव्हा शहाणा बाप चौथीच्या निकालाचा कागद हातात पडताच हायस्कुलाकडे धाव घेई. ज्याला धावणे परवडत नसे, किंवा धावावे लागते हेच ज्याला ठाऊक नसे, त्याचे मूल आमच्याकडे राही. चौथीत चाळीस मुले असली तर पाचवीत पंचवीस. गेलेल्या पंधरांत बहुधा वर्गातली पहिली सात-आठ असत. मागे राहिलेल्यांची परीक्षा घ्यायची आणि शाळेचा निकाल घसरला म्हणायचे, हे म्हणजे दुधावरची साय काढून घेऊन गवळ्याला पातळ दुधाबद्दल बोल लावण्यासारखे.

हे सगळे मी पालकसभेत तावातावाने सांगत असे. मुले काढू नका, राहू द्या, आम्ही शिकवतो, असे म्हणत असे. आणि खरेच शिकवीत असू. पण २००२ सालचा जून आला, आणि माझ्या स्वतःच्या मुलाची चौथी झाली.

तो माझ्याच शाळेत होता. हट्टाने मी त्याला तिथे घातला होता. चार वर्षे तो आणि गावातला एक मुलगा एकाच बाकावर बसले. त्या मुलाची आजी मासळी विकी, आई मिठागरावर जाई. दोघांत एकच पट्टी होती. मधोमध मोडलेली, म्हणून दोघांना पुरे. गणितात तो मुलगा माझ्या मुलाच्या पुढे. पाढे म्हणू लागला की ऐकत राहावे.

मे महिन्यात एका रात्री माझे यजमान म्हणाले, "अगं, तुझी तत्त्वे मला मान्य आहेत. पण त्यांची फी पोराने का भरायची?"

मी म्हटले, "आमची शाळा वाईट आहे का?"

"वाईट कोण म्हणतो? पण सातवीनंतर काय? तूच सांगतेस ना, आठवीला जागा मिळत नाही म्हणून?"

माझेच सभेतले वाक्य त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवले. मी दोन रात्री तळमळले आणि तिसऱ्या दिवशी वाशीच्या एका हायस्कुलाचा अर्ज भरला. प्रवेश मिळाला. पेढे वाटले नाहीत, एवढे पथ्य मी पाळले.

मग दाखला लिहायची वेळ आली. चौथीची वर्गशिक्षिका मीच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. त्यात काय लिहायचे याची आमच्याकडे रूढी आहे. बाप कर्जात बुडाला, आई वारली, शाळा आवडली नाही, शेजारणीचा मुलगा गेला, कारण काहीही असो, लिहायचे एकच: 'पालकांच्या इच्छेनुसार'. शेकडो वेळा मी ते लिहिले होते. त्या दिवशी पेन उचलले तेव्हा सासूबाईंची आठवण झाली. लिहिणारीला काय, हाताशी येईल त्याने लिहील. माझ्या हाती बॉलपेनच होते. लिहिले, पालकांच्या इच्छेनुसार. त्या वेळी पालकही मीच आणि लिहिणारीही मीच. हेडमास्तरांनी वर न पाहता सही केली. त्यांचा चांगुलपणा मी विसरलेले नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. बाकावरचा सोबती पाचवीत जाऊन बसला. मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला आणि मोडकी पट्टी पुढे करून म्हणाला, "बाई, ही त्याची अर्धी."

मी ती घरी नेली. मुलाच्या दप्तरात नवी कंपासपेटी होती. त्याने अर्धी पट्टी घेतली नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा घरोघर निघालो. त्या मुलाच्या आजीच्या ओट्यावर चार बायका मासळी निवडीत होत्या. मी माझे भाषण सुरू केले. पालिकेची शाळा आपली शाळा आहे, मुले काढू नका, वगैरे. आजीने ते सारे ऐकून घेतले. कोयता बाजूला ठेवला, हात पुसले आणि अगदी सरळपणाने विचारले, "बाई, तुमचा पोर कंच्या शालेन जातं?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलटून काही बोलले असते. तिला खरेच माहीत करून घ्यायचे होते. मी हायस्कुलाचे नाव सांगितले. "बरा हाय," ती म्हणाली आणि पुन्हा मासळीला लागली. मी पुढच्या घरी गेलेच नाही. ऊन फार झाले असे सोबतच्या बाईंना सांगितले.

त्या वर्षी पाचवीला आणखी सहा मुले कमी आली. पुढे एक वर्ष असे आले की, एक जागा गेली आणि सहावी व सातवी मी एकाच खोलीत शिकवल्या. एका भिंतीकडे तोंड करून अपूर्णांक, दुसरीकडे तोंड करून समीकरणे. मान दुखे. तक्रार कोणाकडे करायची? पटाची ही घसरगुंडी सुरू झाली ती कोणा अधिकाऱ्याच्या खुर्चीतून नव्हे. तिच्या पहिल्या काही दगडांतला एक माझ्याच पदरचा होता.

मुलांची मोजदाद मात्र जोरात चाले. २०११ च्या ऑक्टोबरात सरकारने राज्यभर पटपडताळणी केली. पटावरची मुले खरी की कागदावरची हे पाहायला बाहेरचे अधिकारी आले आणि एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली. मुलांना केवढी मौज! "आम्ही पण मत दिले," असे म्हणत ती दिवसभर बोटे नाचवीत होती. राज्यात कितीतरी नावे खोटी निघाली. आमच्याकडची सगळी खरी निघाली, तेव्हा मला अभिमान वाटला. मग वाटले, बोटाला शाई लागली हे खरे. पण हे बोट अक्षरावरून फिरते का, हे कोणी मोजले?

तेही मोजणारे आहेत. 'प्रथम' ही मुंबईच्या वस्त्यांतून उभी राहिलेली संस्था. तिच्या पुढाकाराने २००५ पासून देशाच्या खेड्यांतून एक पाहणी होते. पाचवीच्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का, एवढेच ते घरी जाऊन पाहतात. देशभरात येतो निम्म्याच्या आसपास मुलांना. वर्षानुवर्षे हा आकडा फारसा हलत नाही. पाहणी खेड्यांची असली तरी मला त्यात माझा वर्ग दिसे. माझ्या पाचवीत अडखळणारी मुले होती. आणि न अडखळता वाचणारी, माझ्यादेखत दाखला घेऊन गेलेली मुलेही होती. आकडा दोघांना एकत्र पाहू शकत नाही.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. त्यात मुलांना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. बारा वर्षे म्हणजे आमची सहावी-सातवी. नेमक्या त्याच उंबऱ्यावर आमची शाळा रिकामी होत आली होती. आणि गाव तरी कोणते? ज्या गावांनी या शहराला आपली शेते आणि मिठागरे दिली, त्यांतले एक. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १९८४ च्या जानेवारीत पाच जणांचे प्राण गेले. शहर आखताना शाळांसाठी भूखंड राखून ठेवले होते, हे चांगलेच झाले. त्यांवर खाजगी संस्थांच्या मोठमोठ्या शाळा उभ्या राहिल्या. जमीन ज्यांची होती त्यांच्या मुलांनी त्या शाळांत जाण्यासाठी फी भरावी, हा व्यवहार कोणी मुद्दाम केला असे मी म्हणत नाही. पण झाला.

एकच बाजू सांगून थांबले तर अन्याय होईल. पालिकेच्या शाळांना तोंड फिरवणारे लोक पालिकेच्याच शाळेसमोर गर्दीही करतात. अलीकडे महापालिकेने सीवूड्स आणि कोपरखैरण्याला सीबीएसईच्या शाळा काढल्या. तिथे जागांपेक्षा अर्ज जास्त. मालक तीच पालिका. तेव्हा लोक सरकारी पाटीला भितात असे नाही. ते पुढचा जिना आहे की नाही एवढे पाहतात. दहावीपर्यंतच्या पायऱ्या दिसल्या की गरीब माणूससुद्धा पहिल्या पायरीवर विश्वासाने पाऊल ठेवतो. आमच्या शाळेलाही पुढे वरचे वर्ग जोडले गेले आणि गळती हळूहळू मंदावली.

२०२४ च्या मे महिन्यात दुपारी दाराची घंटा वाजली. दारात तो बाकावरचा सोबती. अंगाने भरलेला, केस थोडे विरळ; एका गोदामात हिशेबाचे काम पाहतो. सोबत त्याची मुलगी, हातात चौथीचे प्रगतिपुस्तक. ती माझ्या जुन्याच शाळेत होती.

पाणी झाले, चहा झाला. मग तो म्हणाला, "बाई, हिला पाचवीला कुठे घालू?"

मी प्रगतिपुस्तक पाहिले. गणितात मुलगी बापावर गेली होती. मी म्हटले, "माझा सल्ला तू का मागतोस? मी काय केले ते तुला ठाऊक आहे."

"म्हणूनच मागतो," तो म्हणाला. थोडा थांबला. "तो गेला तेव्हा मी आईला म्हटले होते, मला पण तिकडे घाल. फीला पैसे कुठले? पण आई त्या दिवशी बोलली ते माझ्या लक्षात आहे. म्हणाली, बाईंनी पोर काढलान म्हणजे बाईंना ठाव असंल शाला कशी हाय ती."

मी उठून आत गेले. चहाची भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासली. बावीस वर्षे मी समजत होते की, त्या दिवशी मी फक्त एक दाखला लिहिला. मी दाखला लिहिला नव्हता, दाखला दिला होता. साऱ्या गावाने तो वाचला. 'पालकांच्या इच्छेनुसार' या दोन शब्दांमागे त्यांनी जे वाचले, ते माझ्या सगळ्या सभांतल्या भाषणांपेक्षा त्यांना अधिक खरे वाटले असेल. आणि तेच खोटे होते. शाळा वाईट नव्हती. फक्त मी घाबरले होते.

बाहेर येऊन मी त्याला हेच सांगितले. मग म्हटले, "माझ्याकडे पाहू नकोस. वर्गाकडे पाहू. चल."

१५ जूनच्या सुमारास आम्ही तिघे शाळेत गेलो. मी त्याला तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. पाचवीच्या पुढे गणित-विज्ञानाला वेगळा शिक्षक आहे का? मागच्या वर्षी पाचवीला शिकवणारा शिक्षक यंदाही इथेच आहे का? आणि मुले पुस्तक उघडून एक पान आपले आपण वाचतात का? इमारतीचा रंग पाहू नकोस, संगणकाची खोली पाहू नकोस. खोलीला कुलूप असले तर ते मात्र पाहा.

कुलूप नव्हते. गणिताची बाई तरुण होती, बीडकडची. ती म्हणाली, "आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाले तर पुन्हा परीक्षा, आणि तीतही राहिले तर पाचवीतच. म्हणून जूनपासूनच वाचन धरते." खरेच, २०२३ च्या डिसेंबरात राज्य सरकारने तसा नियम केला आहे. पाचवी पुन्हा कपाळी लिहू लागली, मी मनात म्हटले. पण त्या मुलीने फळ्याशेजारी तेहतीस नावांची यादी लावली होती आणि प्रत्येकापुढे तो काय वाचतो ते लिहिले होते. अडखळणाऱ्यांची नावे तिने लपवली नव्हती, आणि त्यांना हसलीही नव्हती. माझ्या सदतीस वर्षांत मला हे सुचले नाही.

मुलीने बापाची बाही ओढली. "बाबा, माझी मैत्रीण इथेच राहणार आहे."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी काही बोलले नाही. या वेळी लिहिणारी मी नव्हते. मुलगी तिथेच राहिली. चौतिसावे नाव तरुण बाईंनी यादीत खाली लिहिले, बॉलपेननेच.

दसऱ्याला ती बापाबरोबर सोने द्यायला आली. आपट्याची पाने माझ्या हातावर ठेवून पाया पडली. मी टेबलाच्या खणातून ती अर्धी पट्टी काढली आणि तिच्या बापाला दिली. तो पुष्कळ वेळ ती उलटसुलट पाहत राहिला. मुलगी मात्र इकडेतिकडे पाहत होती. भिंतीवर माझ्या नातवाचा फोटो आहे. तो पुण्याला असतो, तेव्हा नुकताच शिशुवर्गात जाऊ लागला होता. शाळेचे नाव इतके परदेशी, की मला अजून नीट उच्चारता येत नाही.

"बाई-आजी," तिने विचारले, "हा कुठल्या शाळेत जातो?"

तिच्या पणजीसारखेच विचारले, अगदी सरळपणाने. बाप गडबडला, "गप गं," म्हणाला.

"राहू दे," मी म्हटले. "हा प्रश्न माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे."

आणि तिला मी सगळे सांगितले. शाळेचे नावसुद्धा. ते ऐकून ती खूप हसली.